एकाच घरात दोन मांजरी व्यायल्या तर: नव्या पालकांसाठी मार्गदर्शन

पुण्यात थंडी ओसरू लागली की मांजरी माजावर येतात आणि मांजरीचा गर्भकाळ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा असल्यामुळे मार्च-एप्रिलपासून जिन्याखाली, माळ्यावर आणि कपाटांच्या तळाशी पिल्ले दिसू लागतात. ज्या घरात निर्बीजीकरण न झालेल्या दोन मांजरी आहेत, तेथे दोघी आठ-दहा दिवसांच्या अंतराने विणे मुळीच नवलाचे नाही. पुढे एकीच्या खोक्यात दुसरी जाऊन बसते, कोणाचे पिल्लू कोणाला लुचते आहे हे ओळखेनासे होते आणि नव्या पालकापुढे दोन प्रश्न उभे राहतात. दोघींना वेगळे करावे का? आणि काहीही न करता नुसते पाहत राहिले तर चालेल का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असे आहे आणि दुसऱ्याचे नेहमीच 'नाही' असे आहे.

मांजर एकलकोंडे असते हा समज अर्धाच खरा आहे. शिकार ते एकट्याने करते. पण अन्न एके ठिकाणी मिळत असेल तर माद्या, विशेषतः मायलेकी आणि सख्ख्या बहिणी, एकत्र राहतात, शेजारी शेजारी वितात आणि एकमेकींच्या पिल्लांना चाटतात, पाजतात. ऑक्सफर्डचे प्राणिशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतावरच्या मांजरांचा जो अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात मिळून पाजणाऱ्या माद्यांची नोंद आहे, तशीच बोक्यांनी पिल्ले मारल्याचीही आहे. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या की या व्यवस्थेचा एक उपयोग लक्षात येतो: एक आई खायला उठली तरी पिल्लांजवळ दुसरी असते.

तेव्हा व्यवस्था चांगलीच आहे. अडचण निराळी आहे. दोन्ही मांजरी सदैव पिल्लांत दिसतात, त्यामुळे सगळी पोटभर पीत असतील असे घरातली माणसे धरून चालतात. एकत्र कुटुंबात मुलाला कोणी ना कोणी जेवू घातलेच असेल असे प्रत्येकाला वाटावे, तसे. नऊ पिल्लांच्या उबदार ढिगाऱ्यात एक पिल्लू रोडावत असते आणि ते कोणाच्याच डोळ्यावर येत नाही. पुढे सांगितलेल्या बहुतेक पायऱ्या हे टाळण्यासाठी आहेत.

पहिली पायरी: एकत्र ठेवायचे की नाही, हे विण्याआधी ठरवावे

दोघी एरवी एकमेकींना चाटतात, एकाच गादीवर झोपतात, तर त्या पिल्लेही वाटून घेतील अशी शक्यता पुष्कळ असते. ज्या मांजरी एकमेकींना पाहून गुरगुरतात, त्यांना 'पिल्ले झाली की जमेल' या भरवशावर एका खोलीत कोंडू नये. गाभणपणाच्या शेवटच्या आठवड्यात स्वभाव आणखी तापट होतो.

दुसरी गोष्ट आजारांची. मांजरांचा ल्युकेमिया विषाणू लाळेतून, एकमेकींना चाटण्यातून आणि दुधातूनही पसरतो. म्हणजे सामायिक संगोपनात जे जे घडते, त्या प्रत्येक वाटेने. दोघींपैकी एक जरी नुकतीच बाहेरून आणलेली असेल, तर तिची रक्तचाचणी होईपर्यंत तिला वेगळे ठेवावे. ही चाचणी पशुवैद्यांकडे किटवर होते आणि तिला फार वेळ लागत नाही. लसीकरण अपुरे राहिले असेल तर गाभण मांजरीला घाईने लस टोचून घेऊ नये, कारण पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या साथीच्या आजारावरील जिवंत विषाणूच्या लशीमुळे पोटातल्या पिल्लांच्या मेंदूला इजा होऊ शकते. लस कधी द्यायची हे पशुवैद्यांनाच विचारावे.

तिसरी गोष्ट दोन वेतांमधील अंतराची. अंतर आठवड्याचे असेल तर सहसा निभावते. ते दोन आठवड्यांच्या पुढे गेले तर मोठी पिल्ले लहानांना सडांवरून सहज ढकलून देतात. अशा वेळी दोघींची खोकी वेगळी ठेवून आयांना मात्र मोकळेपणाने ये-जा करू द्यावी आणि पाजण्याच्या वेळी लक्ष ठेवावे.

दुसरी पायरी: खोली, खोके आणि पुण्याची हवा

कमी वर्दळीची एक खोली निवडावी आणि तिथे एक नव्हे, दोन खोकी ठेवावीत. दोघी शेवटी एकाच खोक्यात जाऊन बसतील आणि दुसरे रिकामे पडेल, हे खरे. तरीही दुसरे काढून टाकू नये. ज्या मांजरीला थोडा वेळ एकटे पडायचे असते तिला ते लागते. खोके इतके मोठे असावे की दोन्ही मांजरी अंग पसरून आडव्या झाल्या तरी पिल्लू खाली चेंगरणार नाही. पुढची कड पाच-सहा इंच उंच असावी: आईला ओलांडता येते, पिल्लाला येत नाही. आत जुन्या सुती साडीच्या किंवा चादरीच्या घड्या अंथराव्यात. टर्किश टॉवेलच्या दोऱ्यांत पिल्लांची नखे अडकतात. खाण्याच्या वाट्या दोन आणि त्या समोरासमोर नकोत; लिटर बॉक्स, म्हणजे शी-शूसाठीच्या वाळूच्या पेट्या, तीन असल्यास उत्तम.

मांजर आपली जागा आपणच शोधते आणि ती बहुधा कपड्यांच्या कपाटात असते. त्या कपाटातल्या डांबराच्या गोळ्या आधी काढून टाकाव्यात, कारण त्या मांजरांना विषारी असतात. हाच नियम फिनाईलला आणि डेटॉललाही लागू आहे. फिनॉल गटातल्या रसायनांचा विषारीपणा मांजराचे यकृत नीट घालवू शकत नाही, आणि फिनाईलने पुसलेल्या फरशीवरून चाललेली आई तेच पंजे चाटून पुन्हा पिल्लांना चाटते. त्या खोलीची फरशी साबणाच्या पाण्याने पुसावी.

पिल्लांना पहिले तीन-चार आठवडे स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात खोक्याच्या आत ३० ते ३२ अंश सेल्सिअसची ऊब लागते. चौथ्या आठवड्यापर्यंत ती पंचवीसच्या आसपास आणता येते. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्रीचा पारा दहा अंशांच्या जवळ उतरतो, तेव्हा खोक्याच्या एका बाजूला कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवावी. एकाच बाजूला ठेवण्याचे कारण असे की जास्त तापले तर पिल्लाला सरपटत दूर जाता आले पाहिजे. विजेच्या गादीवर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांनी देखभालीसाठी गुरुवारी होणारी वीजकपात लक्षात घ्यावी. एप्रिल-मेमध्ये उलट चिंता असते. वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी पारा चाळिशीकडे जातो. अशा वेळी पिल्ले एकमेकांपासून दूर, पाय पसरून पडलेली आणि कुरकुरताना दिसली, तर खोके थंड जागी हलवावे.

तिसरी पायरी: विण्याचा दिवस आणि पहिले चोवीस तास

एक वीत असताना दुसरी खोक्याशी आली तर लगेच हाकलू नये. अनुभवी मांजर अनेकदा सुइणीचे काम करते. ती ओल्या पिल्लाचे तोंड चाटून मोकळे करते, नाळ चावून तोडते, वारही खाते. पण दुसरी स्वतः दिवस भरत आलेली असेल, तर ती नुसती मदत करून थांबत नाही. तिच्या शरीरात मातृत्वाची चक्रे फिरू लागलेली असतात आणि ती नवजात पिल्लू मानेला धरून सरळ आपल्या खोक्यात नेते. व्यायलेली मांजर अजून कळा देत असते, तिला उठता येत नाही, आणि आईच्या पहिल्या चिकापासून पिल्लू दूर जाते. असे होऊ लागले की दुसरीला त्या दिवसापुरते खोलीबाहेर ठेवावे.

पहिला दिवस पिल्लांनी आपापल्या आईचाच चीक प्यावा, असा माझा आग्रह असतो. चिकातील प्रतिपिंडे पिल्लाच्या आतड्यातून रक्तात जाण्याची मुभा जन्मानंतर सोळा ते चोवीस तासांपर्यंतच असते. त्याला आणखी एक कारण आहे. मांजरांमध्ये ए, बी आणि क्वचित एबी असे रक्तगट असतात, आणि बी गटाच्या मांजरीचा चीक ए गटाच्या पिल्लाने प्यायल्यास पिल्लाच्या तांबड्या पेशी फुटू लागतात. ब्रिटिश शॉर्टहेअरसारख्या काही जातींत बी गट अधिक आढळतो. घरात अशी एखादी मांजर असेल, तर तिचा गट विण्याआधीच तपासून घ्यावा, कारण हा धोका तिच्या स्वतःच्या पिल्लांनाही असतो. गट ठाऊक नसेल तर निदान पहिल्या चोवीस तासांत अदलाबदल होऊ देऊ नये.

याच दिवशी प्रत्येक पिल्लाची ओळख पक्की करावी. रंग आणि ठिपक्यांची चित्रे काढावीत, फोटो घ्यावेत. दोन पिल्ले सारखीच काळी असतील तर एकाच्या पाठीवरचे आणि दुसऱ्याच्या मांडीवरचे केस चिमूटभर कापावेत. गळ्यात काळा दोरा किंवा रिबन मुळीच बांधू नये: पिल्लू दिवसागणिक वाढते, दोरा वाढत नाही, शिवाय त्यात दुसऱ्या पिल्लाचा पाय अडकतो.

जोराच्या कळा येऊनही अर्ध्या तासात पिल्लू बाहेर आले नाही, किंवा ताजे लाल रक्त वाहत राहिले, तर वाट न पाहता मांजरीला दवाखान्यात न्यावे. रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता आणि तिथे जायला वाहन कोणते, हे आधीच ठरवून ठेवलेले असावे.

चौथी पायरी: दोन्ही वेत एकत्र येऊ देणे

दुसरीही व्यायली आणि तिचा पहिला दिवस पार पडला की दार उघडावे. आपण पिल्ले उचलून एकत्र ठेवण्याची गरज नसते. खोकी शेजारी असली की मांजरीच ठरवतात. आपण केवळ पाहावे. दुसरीने पिल्लाच्या शेपटीखाली हुंगून चाटायला सुरुवात केली, तर काम झाले असे समजावे, कारण सुमारे तीन आठवड्यांपर्यंत पिल्लांना आपणहून शी-शू करता येत नाही आणि त्या चाटण्यानेच ती होते. फिस्कारणे एक-दोनदा झाले तर हरकत नाही. पंजा उगारला, कान मागे पाडून ती पिल्लावर रोखून पाहू लागली, तर पुन्हा वेगळे करून एक दिवस थांबावे.

घरात निर्बीजीकरण झालेली तिसरी मांजर असेल तर तीही पुष्कळदा मावशीपण करू लागते. तिला पिल्ले चाटू द्यावीत, उबेला घेऊ द्यावे. मात्र पिल्ले तिच्या कोरड्या सडांना तासन्‌तास लुचत असतील तर तिला उठवावे. पिल्लांचा पिण्याचा वेळ वाया जातो आणि तिचे सड सोलवटतात. 'माय मरो, मावशी जगो' ही म्हण दुधाच्या बाबतीत तरी पुरती लागू पडत नाही.

बोका मात्र, मग तो पिल्लांचा बाप का असेना, या खोलीत नको. बाहेरच्या बोक्यांसाठी खिडकीची जाळी तपासून घ्यावी.

पाचवी पायरी: वजनाची वही

सगळ्या मार्गदर्शनातला एकच भाग लक्षात ठेवायचा असेल तर तो हा. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा घ्यावा, त्यावर एक खोलगट डबा ठेवून काटा शून्यावर आणावा आणि रोज ठरलेल्या वेळी प्रत्येक पिल्लाचे वजन वहीत लिहावे. जन्मतः निरोगी पिल्लू साधारण ९० ते ११० ग्रॅमचे असते आणि रोज १० ते १५ ग्रॅम वाढते. दुसरा आठवडा संपेपर्यंत त्याचे वजन दुपटीच्या वर जायला हवे.

वहीचे पान कसे वाचायचे ते एका उदाहरणाने सांगतो. समजा, सात दिवसांच्या पाच पिल्लांपैकी चौघांचे आकडे १६०, १७२, १६५, १८० असे आहेत आणि पाचवे १२८, १२९, १२९ असे तीन दिवस तिथेच आहे. त्या पिल्लाकडे पाहून काहीच कळत नाही. ते ढिगाऱ्यात झोपलेले असते, सडाशीही दिसते. मग पाजण्याच्या वेळी अर्धा तास जमिनीवर बसून नुसते त्याच्याकडे पाहावे. पिणारे पिल्लू सड घट्ट धरते, दोन्ही पंजांनी आलटून पालटून आईचे पोट मळते, त्याचे कान लयीत हलतात आणि ओढून काढले तर जिभेचा 'चट्' असा आवाज होतो. न पिणारे पिल्लू सड तोंडात घेते, सोडते, डोके इकडेतिकडे फिरवते, चिवचिवते आणि शेवटी दमून झोपते. त्याचे पोट गोल नसून चपटे असते, आणि मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती सावकाश खाली बसते.

मांजरीला साधारण आठ सड असतात आणि पिल्ले पहिल्या काही दिवसांतच आपापला सड ठरवून घेतात. दोन आयांच्या घरात हा हिशेब विस्कटतो: धीट पिल्लू एकीकडे पोटभर पिऊन दुसरीकडेही हजेरी लावते आणि बारके दोन्हीकडून मागे राहते. यावर सोपा उपाय आहे. दिवसातून तीन-चार वेळा मोठ्या पिल्लांना एका आईजवळ ठेवून दार लावावे आणि बारक्याला दुसरीच्या भरलेल्या सडाशी एकट्याने वीस मिनिटे द्यावीत. एक आईच असती तर हे करता आले नसते.

इतके करूनही वजन घटले, किंवा चोवीस तासांत मुळीच वाढले नाही, तर वरचे दूध द्यावे लागते. ते गाईचे किंवा म्हशीचे नको. मांजरीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक प्रथिने असतात, आणि पिशवीतले दूध पाणी घालून दिल्यास पिल्लाला जुलाब होतात. पिल्लांसाठीची दूध पावडर पुण्यात पाळीव प्राण्यांच्या दुकानांत मिळते. पाजताना पिल्लू पालथे असावे. माणसाच्या बाळासारखे उताणे धरले तर दूध फुफ्फुसात जाते. आणि गार पडलेल्या पिल्लाला आधी छातीशी धरून ऊब द्यावी, दूध नंतर. गार शरीरात आतड्याचे काम थांबलेले असते, पाजलेले दूध तसेच पडून राहते.

सहावी पायरी: दोन्ही आयांची काळजी

पिल्ले तीन-चार आठवड्यांची होईपर्यंत पाजणाऱ्या मांजरीची भूक एरवीच्या दुप्पट-तिप्पट होते. दोघींनी काम वाटून घेतले म्हणून खाणे निम्मे करू नये. पिल्लांसाठीचे कोरडे खाद्य या काळात आयांनाही चालते. ते दिवसभर समोर असावे, जोडीला मीठ-मसाला, कांदा-लसूण न घातलेले उकडलेले चिकन किंवा काटे काढलेली मासळी असावी. ज्या घरात मांसाहार होत नाही, तिथेही मांजरीला दूध-पोळी आणि दहीभातावर ठेवता येत नाही. टॉरिन हे द्रव्य तिला मांसातूनच मिळते, आणि त्याच्या अभावी हृदय व डोळे बिघडतात, हे १९८० च्या दशकापर्यंत स्पष्ट झाले आहे. तयार खाद्यात ते घातलेले असते, त्यामुळे शाकाहारी घरांनी तयार खाद्याचाच मार्ग धरावा.

रोज एकदा दोघींच्या पोटावरून हात फिरवावा. एखादा सड कडक, गरम, लालसर-जांभळा लागला आणि हात लावताच मांजर कण्हली, तर ती दाहाची खूण आहे. पाजणारी मांजर थरथरू लागली, धापा टाकू लागली, पाय ताठ करून चालू लागली, तर रक्तातले कॅल्शियम उतरले असण्याची शक्यता असते. हा प्रकार क्वचित होतो, पण झाला तर तासाभराची दिरंगाईही महागात पडते. दुसरी आई अशा वेळी पिल्ले सांभाळते, हा सामायिक संगोपनाचा खरा लाभ.

मांजर पिल्लांना सात घरे फिरवते असे आपल्याकडे म्हणतात. खोके फार हाताळले, पाहुणे फार आले किंवा पिसवा झाल्या की ती जागा बदलते. दोन आयांत एक पिल्ले माळ्यावर नेते आणि दुसरी परत आणते, असा खेळ सुरू झाला तर खोक्यावर चादर टाकून अंधार करावा आणि आपली ये-जा कमी करावी. पिसवांसाठी बारीक फणी वापरावी. कुत्र्यांसाठीची परमेथ्रिन असलेली औषधे मांजरांच्या जिवावर बेततात.

सातवी पायरी: चौथ्या आठवड्यापासून पुढे

चार आठवड्यांनी पिल्लांना पातळ केलेले ओले खाद्य ताटलीत द्यायला लागावे. लिटर गुठळ्या न होणारे असावे, कारण या वयात पिल्ले ते चाखून पाहतात. दोन ते सात आठवड्यांचे वय माणसाळण्याचे असते, म्हणून घरातल्या प्रत्येकाने पिल्लांना रोज थोडा वेळ हातात घ्यावे. दोन वेतांत अंतर असेल तर येथे एक नवी अडचण येते: सहा-सात आठवड्यांची मोठी पिल्ले आपल्या आईने झिडकारले की दुसरीला लुचायला जातात आणि धाकट्यांचे दूध संपवतात. दिवसाचे काही तास त्यांना दुसऱ्या खोलीत ठेवावे.

जंत आईच्या दुधातूनही पिल्लांत येतात. म्हणून पशुवैद्यांच्या सल्ल्याने तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पहिले जंतनाशक, पुढे दर दोन आठवड्यांनी, आणि त्याच दिवशी दोन्ही आयांनाही द्यावे. एकीला देऊन दुसरीला राहिले तर केलेले वाया जाते. लसीकरण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत चालते. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. पहिले दोन डोस होईपर्यंत पिल्लांना बाहेरच्या मांजरांत मिसळू देऊ नये, आणि बाहेरच्या चपला त्या खोलीत नेऊ नयेत. पॅनल्युकोपेनियाचा विषाणू घरात महिनोन्‌महिने टिकतो.

पिल्ले किमान आठ, शक्यतो दहा आठवड्यांची झाल्यावर द्यावीत. सगळी एकाच दिवशी देऊ नयेत. एक-दोन करत दिली तर आयांचे दूधही हळूहळू आटते.

निर्बीजीकरणाची तारीख मात्र पहिले पिल्लू जाण्याआधीच घ्यावी. पाजणारी मांजर पुन्हा गाभण राहत नाही, हा समज चुकीचा आहे. आणि दुसरी आई निम्मे पाजत असेल तर पहिलीला लवकर माज येण्याची शक्यता आणखी वाढते. पिल्लेही चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकतात, तेव्हा त्यांनाही वगळू नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये हडपसरमधील एका सोसायटीच्या सदनिकेत तीनशेहून अधिक मांजरे असल्याचे प्रकरण महापालिकेपर्यंत गेले होते. दोन मांजरींपासून एवढी मजल जायला किती कमी वेत लागतात, याचा हिशेब ज्याने त्याने करून पाहावा. पुणे महापालिकेने २०२२ पासून मांजरांसाठीही परवाना लागू केला आहे. ज्या मांजरी घरी राहणार आहेत त्यांच्यासाठी तो काढून घ्यावा; अर्जाला रेबीज लसीकरणाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. शस्त्रक्रियेसाठी दूध आटल्यानंतर दोन-तीन आठवडे थांबणे बरे, आणि तोवर दोघींनाही दारा-खिडक्यांच्या आतच ठेवावे.